थायरॉइडमधली 'घरटी' आणि जाऊबाईंचे अकरा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या महिन्यात थायरॉइडवर अर्ध्या पानाचा लेख आला होता. लेख तसा बरा होता. गोळी उपाशीपोटी घ्यावी, टीएसएच कधी तपासावं, मीठ आयोडीनयुक्तच वापरावं, सगळं ठीक. पण त्याच्या खालच्या चौकटीत 'ग्रंथीतील गूढ पेशीपुंज' असा मथळा देऊन तीन वाक्यं छापली होती. (अहवालात याच पुंजांना 'सॉलिड सेल नेस्ट', म्हणजे पेशींची भरीव घरटी, लिहितात.) हे पुंज फार दुर्मीळ असतात, ते मज्जासंस्थेच्या पेशींपासून बनतात आणि अहवालात त्यांचा उल्लेख असला तर ती कर्करोगाची पूर्वखूण समजावी. यातलं पहिलं वाक्य चूक आहे, दुसरं जुनं झालेलं आहे आणि तिसऱ्यानं आमच्या घरात अकरा दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. ती चौकट कात्रीनं कापून जाऊबाईंच्या फ्रिजवर चुंबकानं लावलेली मी पाहिली, म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. मिरजेत एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात एकतीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीची तंत्रज्ञ होते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या अवयवाचे तुकडे डॉक्टरांनी निवडून कॅसेटमध्ये, म्हणजे छोट्या जाळीदार डबीत, घातले की पुढचं काम आमचं. अल्कोहोल, जाइलीन, मग मेणात बसवून ब्लॉक करायचा, मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप घ्यायचे, त्यांची रिबन कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती पडू न देता काचेवर उचलायची, रंगवायची. निदान सांगण्याचा अधिकार मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण ज्या काचेवरून निदान होतं ती काच कशी तयार होते ते मला माहीत आहे, आणि या प्रकरणातली निम्मी गोष्ट तिथंच आहे.

झालं असं. थोरल्या जाऊबाईंच्या गळ्यात उजव्या बाजूला गाठ होती. गिळताना अडकायची, म्हणून थायरॉइडचा उजवा लोब, म्हणजे उजवीकडचा भाग, काढला. अहवाल आला: साधी गाठ, कर्करोग नाही. सगळे सुटलो. पण अहवालाच्या तळाला, गाठीबाहेरच्या निरोगी भागाचं वर्णन करताना, एक ओळ होती की 'सॉलिड सेल नेस्ट' दिसलेली आहेत. बस्स, एवढंच. पुढं स्पष्टीकरण नाही, काही नाही. पुतण्यानं मोबाईलवर शोधलं, त्याला चार ठिकाणी कर्करोगाचं नाव दिसलं. त्यात तुमची चौकट आली. जाऊबाई मला विचारतात, "नेस्ट म्हणजे घरटंच ना गं? मग आत काय उबवतंय?"

शब्दानं घात केला तो असा. पॅथॉलॉजीत पेशींचा गच्च गोळा दिसला की त्याला नेस्ट म्हणायची रीत आहे. त्यात अंडं नसतं, पिलू नसतं. सॉलिड एवढ्याचसाठी की आतून भरीव असतं. थायरॉइडची स्लाइड कधी पाहिली असेल तर आठवेल, सगळीकडे गुलाबी द्रवानं भरलेले गोल गोल हौद, आणि प्रत्येक हौदाला पेशींची एकेरी भिंत. मधेच एखाद्या ठिकाणी हौद नाही, द्रव नाही, नुसत्या पेशी दाटीवाटीनं बसल्यात, असं दिसलं की ते घरटं.

आता 'दुर्मीळ' या शब्दाकडे येते, कारण त्याच्यावर माझा जुना राग आहे. असं एक घरटं सरासरी एक दशांश मिलिमीटर भरतं, साधारण आपल्याच अंकाचे दोन कागद एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढी जाडी. काही मोठी असतात, मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडी जास्त, पण ती कमी. आमचा काप चार मायक्रॉनचा. म्हणजे एक दशांश मिलिमीटरचं घरटं संपूर्ण ओलांडायला पंचवीस काप लागतात. कॅसेटमधला तुकडा तीन मिलिमीटर जाड धरा, तर त्यातून साडेसातशे काप निघू शकतात. आम्ही रोजच्या कामात त्यातला काचेवर घेतो किती? एक. फार तर दोन. उरलेलं मेण तसंच कपाटात जातं. दिवाळीला ताटभर नारळाची वडी थापली आणि त्यात एकच चारोळी पडली, तर सुरी तिच्यावरूनच जाईल याची खात्री कोण देणार? सुरी चुकली म्हणून चारोळी नव्हतीच, असं म्हणता येत नाही.

शिवाय जागेचा प्रश्न. ही घरटी ग्रंथीत वाटेल तिथं सापडत नाहीत, त्यांची जागा ठरलेली. दोन्ही बाजूंच्या लोबांत, वरचा एक तृतीयांश आणि मधला एक तृतीयांश भाग जिथं मिळतात त्या सुमाराला, आत मध्यावर किंवा थोडी मागच्या अंगाला. खालच्या टोकातून तुकडा घेतला तर मिळणार नाहीत. दोन लोबांना जोडणाऱ्या पट्टीतून घेतला तरी नाही. आणि डॉक्टरांचं लक्ष साहजिकच गाठीवर असतं, निरोगी दिसणाऱ्या भागातून एखादाच तुकडा घेतला जातो.

म्हणून आकडे असे विचित्र दिसतात. मधल्या भागाचा एखादा नेहमीचा छेद पाहिला तर शंभरातल्या तीनेक ग्रंथींत घरटी दिसतात. तीच ग्रंथी दोन-तीन मिलिमीटरवर चिरून सगळीच्या सगळी तपासली, तर साठ टक्क्यांच्या आसपास ग्रंथींत सापडतात. माणसं तीच, ग्रंथी तीच. बदललं ते मायक्रोटोमचं चाक किती फिरवलं एवढंच. आमच्याकडे एकदा एका पीजी डॉक्टरांना शवविच्छेदनातल्या एका थायरॉइडचे सगळे ब्लॉक हवे होते. दोन दिवस माझी मान धरली होती. डाव्या लोबाच्या तिसऱ्या ब्लॉकमध्ये घरटं निघालं. माणूस अपघातात गेलेला होता, थायरॉइडची कसलीही तक्रार नव्हती. तेव्हापासून 'दुर्मीळ' हा शब्द वाचला की मी मनात विचारते, काप किती घेतले होते?

आता ही आली कुठून. हे मला विभागातल्या डॉक्टर मॅडमनी समजावलं होतं आणि त्यातली गंमत अजून जात नाही. थायरॉइड ही एका मुळातून उगवलेली ग्रंथी नाही. तिचा मोठा भाग जिभेच्या मुळाशी सुरू होतो आणि गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत मानेत खाली उतरत येतो. पण गर्भाच्या घशाच्या दोन्ही बाजूंना त्या काळात पिशव्यांसारखे खोलगट भाग असतात, माशाला जिथं कल्ले होतात तिथले. त्यातल्या चौथ्या पिशवीच्या टोकापासून दोन्हीकडे एकेक छोटा गोळा सुटतो. त्याचं नाव अल्टिमोब्रँकियल बॉडी, शब्दशः 'शेवटच्या कल्ल्याचा' अवयव. माशांत, बेडकांत, कोंबडीत तो आयुष्यभर थायरॉइडपासून वेगळाच राहतो. आपल्यात मात्र सातव्या आठवड्याच्या सुमाराला तो दोन्ही बाजूंनी थायरॉइडच्या लोबांत शिरतो आणि विरघळून जातो. शिरतो तो जिथं घरटी सापडतात बरोबर तिथंच. पूर्ण विरघळला नाही तर जे उरतं, ते घरटं. सून घरात मिसळून गेली तरी माहेरची एक पेटी माळ्यावर राहते, तसं.

माझ्या सासूबाईंचा मणका मोडला तेव्हा डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला होता, कॅल्सिटोनिनचा. बाटलीवर 'सामन' लिहिलेलं. सासूबाई पक्क्या शाकाहारी, त्यांना आम्ही सांगितलंच नाही. ते कॅल्सिटोनिन म्हणजे सामन माशाच्या याच अवयवातून आधी शोधलेलं संप्रेरक, पुढं कारखान्यात बनवलेलं. माशाच्या कल्ल्यामागचा तो गोळा आणि जाऊबाईंच्या अहवालातली ती ओळ एकाच वंशातली आहेत, हे फ्रिजवरच्या चौकटीत असतं तर किती बरं झालं असतं.

ही घरटी पहिल्यांदा नीट लिहून ठेवली ती एका बाईनं. सोफिया गेट्झोवा. रशियन साम्राज्यातल्या गोमेलची ज्यू मुलगी, शिकायला स्वित्झर्लंडमधल्या बर्नला गेली. त्या काळी स्वित्झर्लंडच्या डोंगरी भागात आयोडीन कमी, घरोघरी गलगंड, त्यामुळं बर्नमध्ये थायरॉइड मुबलक. तिथल्याच शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ साली नोबेल मिळालं. गेट्झोवांचा निबंध त्याच्या दोन वर्षं आधीचा, १९०७ चा, जर्मन भाषेतला. त्यांनी या पेशीगोळ्यांचा संबंध त्याच कल्ल्यामागच्या अवयवाशी जोडला होता, आजच्या कुठल्याही खास रंगाशिवाय, नुसत्या नजरेच्या जोरावर. पुढं त्या जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात पॅथॉलॉजी शिकवायला गेल्या. त्यांच्याबद्दल वाचायला गेलं की आधी हेच समोर येतं की इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष खाइम वाइझमन यांच्याशी त्यांचं लग्न ठरून मोडलं होतं. घरटी नंतर कुठं तरी येतात.

घरट्यात असतं काय? बहुतेक पेशी एका जातीच्या, त्यांना मुख्य पेशी म्हणतात. लांबट, काही कोनाकोनाच्या, आणि त्यांच्या केंद्रकाला बऱ्याचदा मधोमध खाच असते, गव्हाच्या दाण्याला असते तशी. इथंच घोटाळ्याला जागा आहे, कारण थायरॉइडचा जो सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग, पॅपिलरी, त्याच्या पेशींतही अशी खाच असते. अनुभवी डोळ्याला फरक कळतो. शंका असेल तर इम्युनोचे रंग असतात, ठरावीक प्रथिन ज्या पेशीत असेल तिलाच चढणारे. थायरॉइडच्या नेहमीच्या पेशी थायरोग्लोब्युलिनला तपकिरी होतात, घरट्यातल्या मुख्य पेशी होत नाहीत. उलट पी ६३ नावाचा रंग लावला की याच पेशींची केंद्रकं काळपट तपकिरी उठतात आणि आजूबाजूचे हौद कोरे राहतात. इम्युनोची मशीन आमच्याकडे उशिरा आली. पहिल्यांदा हा रंग चढलेला पाहिला तेव्हा अंधाऱ्या गावात एकाच घराचा दिवा लागल्यासारखं वाटलं होतं.

दुसरी जात म्हणजे सी पेशी. कॅल्सिटोनिन याच बनवतात, सी त्यावरूनच. त्या फिकट, गोल केंद्रकाच्या, घरट्यात थोड्या आणि घरट्याच्या आजूबाजूला जरा जास्त. काही ठिकाणी एक तिसराच प्रकार दिसतो. एकाच हौदाची एक बाजू थायरॉइडच्या पेशींनी बांधलेली आणि दुसरी घरट्यातल्या पेशींनी, जणू दोन गवंड्यांनी समोरासमोर काम सुरू केलं आणि मध्ये गाठ पडली. आत नेहमीचा गुलाबी द्रव आणि थोडा चिकट श्लेष्म असं मिश्रण असतं. दोन मुळांची ग्रंथी एकत्र आली याचा याहून स्पष्ट पुरावा काचेवर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

चौकटीतलं दुसरं वाक्य, मज्जासंस्थेच्या पेशींचं, हे लेखकानं मनानं लिहिलेलं नाही हे मान्य. आमच्या काळच्या सगळ्या पुस्तकांत सी पेशी न्यूरल क्रेस्टमधून, म्हणजे गर्भाच्या मज्जानलिकेच्या कडेनं निघालेल्या पेशींतून आल्या असंच होतं. त्यामागं फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांचा सुंदर प्रयोग होता. लावा पक्ष्याच्या पेशींच्या केंद्रकात एक ठळक ठिपका असतो, फॉयल्गेन रंगात तो लगेच उठून दिसतो. कोंबडीच्या पेशीत तसा नसतो. त्यांनी लाव्याच्या गर्भातला मज्जानलिकेचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवला आणि पुढं लाव्याच्या ठिपक्याच्या पेशी कुठं कुठं पोचल्या ते शोधलं. त्या कोंबडीच्या अल्टिमोब्रँकियल अवयवात पोचल्या होत्या. एका रंगाच्या जोरावर एवढा मोठा प्रश्न सोडवणारी बाई! आम्हा रंगवणाऱ्यांना तिचा अभिमान न वाटला तरच नवल. पण पक्ष्यांत जे खरं ते माणसातही खरं असं धरून पुस्तकं चार दशकं छापली गेली. २०१५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी उंदरांत पेशींना पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी खूण करून माग काढला, आणि सस्तन प्राण्यांतल्या सी पेशी घशाच्या आतल्या अस्तरातूनच, त्या पिशवीच्याच अस्तरातून, आलेल्या निघाल्या. म्हणजे मुख्य पेशी आणि सी पेशी यांचं घर एकच. शेजारून कुणी राहायला आलेलं नव्हतं. पुस्तकं अजून सगळी बदललेली नाहीत, तेव्हा लेखकाला यात फार दोष देत नाही.

तिसऱ्या वाक्याला मात्र देते. भीती कुठून आली असेल याचा मी अंदाज बांधला. त्या पी ६३ मुळं काही संशोधकांना वाटतं की मुख्य पेशी या मूळपेशींसारख्या, पुढं वेगवेगळी रूपं घेऊ शकणाऱ्या असाव्यात. थायरॉइडमधले काही अगदी मोजके, चमत्कारिक कर्करोग त्यांच्यापासून निघत असावेत असाही कयास आहे. कयास आहे, तो अभ्यासायलाच हवा. पण ज्या घरट्यांचा माग घेतला तर निम्म्याहून जास्त निरोगी माणसांत सापडतात, त्यांना पूर्वखूण म्हणायचं तर मग उरलं कोण? सी पेशींचा कर्करोग, मेड्युलरी, खरा असतो. त्यातला साधारण चौथा हिस्सा आनुवंशिक असतो, रेट नावाच्या जनुकातल्या दोषानं. ज्यांच्या घरात तो आहे त्यांनी रक्तातलं कॅल्सिटोनिन आणि जनुकाची तपासणी जरूर करावी, आणि ते ठरवायला डॉक्टर आहेत. घरट्याभोवती सी पेशींची थोडी गर्दी दिसणं ही मात्र त्यांची नेहमीची वस्ती आहे.

अकराव्या दिवशी मी जाऊबाईंना घेऊन आमच्या निवृत्त मॅडमकडे गेले. स्लाइड आणि ब्लॉक रुग्णाला मागून घेता येतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. ज्या प्रयोगशाळेनं अहवाल दिला तिथं अर्ज केला, सही केली, मिळाले. (जाता जाता: ब्लॉक मेणाचा असतो, साठ अंशांच्या आतच वितळतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. पुतण्या ठेवणार होता.) मॅडमच्या घरी दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे. त्यांनी दोन मिनिटं स्लाइड फिरवली, थांबल्या आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "या, बघा." जाऊबाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला, एक डोळा मिटला. बराच वेळ काही दिसेना. मग दिसलं. गुलाबी हौदांच्या मधोमध फिकट पेशींचा एक ठिपका, बाजूला दोन मिश्र हौद.

"एवढंच?" जाऊबाई म्हणाल्या. "यासाठी मी जेवले नाही?"

मॅडमनी अहवालावर दुसरं मत लिहून दिलं. त्यात एक ओळ मराठीत घालायला मी सांगितली, त्यांनी घातली: 'हा गर्भावस्थेतील अवशेष असून निरोगी व्यक्तींमध्येही आढळतो, यासाठी उपचारांची गरज नाही.' बॉलपेनानं लिहायला अर्धं मिनिट लागलं. अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळांना माझं एवढंच सांगणं आहे. नेस्ट लिहा, जरूर लिहा, पॅथॉलॉजिस्टनं पाहिलेलं लिहायलाच हवं. पण त्याच्यापुढं ही ओळ टंकून ठेवा, कॉपी-पेस्ट करा. आणि आपल्याला विनंती की पुरवणीच्या त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत, त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. आत कुठं तरी कोपऱ्यात नको, जाऊबाईंचा चष्मा जुना आहे.

आपली,
एक निवृत्त तंत्रज्ञ, मिरज

ता. क. : नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये, घरातलं प्रकरण आहे. ते कात्रण जाऊबाईंनी फ्रिजवरून अजून काढलेलं नाही. दुरुस्ती आली की त्याच्यावरच चिकटवणार म्हणतात, खळ करून ठेवलीय.